न्यूट्रॉनचा कडता

मंडळी, सोयाबीन घेऊन बाजारात गेलं की व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, "काका, क्विंटलमागे दोन किलो कडता जाईन." माती, काडी, ओल. दोनच का, हे विचारायची सोय नाही. माझ्या बापाने हे जन्मभर निमूट सोसलं. आज ज्या धंद्याबद्दल बोलणार आहे, तिथे कडता आपल्याच मालावर आपणच लावायचा असतो आणि त्याचा हिशेब चारचौघांत मांडायचा असतो.

माल म्हणजे न्यूट्रिनो, कशातूनही जवळजवळ न अडखळता आरपार जाणारा अतिसूक्ष्म कण. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणातले न्यूट्रिनो टिपले गेले. एवढं खोल कशाला? आत्ता इथे बसल्या बसल्या तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभरेक म्युऑन, म्हणजे वातावरणातून खाली येणारे कण, आरपार जाताहेत. त्या गलक्यात न्यूट्रिनोची कुजबुज कुठे ऐकू येणार! वरचा खडक हे म्युऑन अडवतो.

अणुभट्टीतला अँटिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, प्रयोगाच्या टाकीतल्या द्रवात अडकला की एक चमक होते आणि साधारण 200 मायक्रोसेकंदांनी दुसरी. दुसरी चमक न्यूट्रॉन पकडला गेल्याची. या जोडीवरून पाहुणा ओळखायचा. पण बाहेरून घुसलेला वेगवान न्यूट्रॉन हुबेहूब हेच सोंग आणतो. प्रोटॉनला धडकला की पहिली चमक, मग मंदावून स्वतः पकडला गेला की दुसरी.

वणीकडच्या कोळसा खाणीत पाळ्या केलेल्या एका काकांनी मघाशी विचारलं, मग अजून खाली जा ना? जाऊ. म्युऑन घटतील, त्यांनी उडवलेले न्यूट्रॉनही घटतील. पण खडकातलं युरेनियम-थोरियम तिथेही आहेच. त्यांच्या किरणोत्सारातून सुटणारे अल्फा कण हलक्या अणुकेंद्रांवर आदळले की न्यूट्रॉन सुटतो. बऱ्याच खोल प्रयोगशाळांत तळहाताएवढ्या जागेतून दिवसाला आठ-दहा न्यूट्रॉन जातात.

मग या सोंगाड्या न्यूट्रॉनचा, म्हणजे मोजणीतून वजा करायच्या कडत्याचा, अंदाज बांधायचा कसा? भिंतीचे, काँक्रीटचे तुकडे आणून त्यांतलं युरेनियम मोजतात. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात दहा बाय पाच मीटरचा तुकडा कापून महसूल मंडळाचं उत्पन्न ठरवतात, तसंच. तुकडा कुठला निवडला यावर काय काय अवलंबून असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मग संगणकात तोच खडक, तीच टाकी उभी करून कोट्यवधी न्यूट्रॉन सोडून बघायचे. शिवाय खऱ्या गुहेत न्यूट्रॉन मोजणाऱ्या, हेलियम-3 भरलेल्या नळ्या महिनोन्‌महिने ठेवायच्या. आकडे जुळले नाहीत की शोधाशोध. गंमत म्हणजे त्यात ओलही निघते! काँक्रीटमध्ये पाणी किती धरलं, यावर बाहेर पडणारे न्यूट्रॉन बदलतात, कारण पाण्यातला हायड्रोजन त्यांना थोपवतो. कंचा कंच्यावर बसला की मारणारा जागीच थांबतो ना, तसा.

जपानच्या कामलँड या न्यूट्रिनो प्रयोगात तर काडी द्रवातच निघाली. हवेतला रेडॉन मागे पोलोनियम ठेवून गेला होता. त्याचे अल्फा कण द्रवातल्या कार्बन-13वर आदळून न्यूट्रॉन सोडत होते. पहिला निकाल छापून झाल्यावर हे ध्यानात आलं. 2005च्या निबंधात त्यांनी 258 घटना, म्हणजे चमकांच्या जोड्या, दाखवल्या आणि सगळा मिळून कडता लिहिला 17.8, वर त्यात 7.3 इकडेतिकडे. चुकेल किती, तेसुद्धा छापलं. तो आलेख आणलाय, लाइट जायच्या आत बघून घेऊ.