मीटर नवं, किलोमीटर तेच

(दृश्य : बंद पडलेला मीटर. इंजिनाचा आवाज सुरू आहे.)

इंजिन नीट चालतंय, पण समोरचा मीटर काळाठिक्कर आहे. वेगाचा काटा शून्यावर पडलाय, टाकीत इंधन किती ते कळत नाही आणि गाडी आजवर किती धावली तो आकडाही दिसत नाही. पॅनल बदलावं लागणार. चार स्क्रू, एकदोन कपलर, की पॅनल हातात येतं. अवघड काम त्यापुढचं आहे, कारण नव्या पॅनलला या गाडीबद्दल काहीच ठाऊक नसतं. कोरं असेल तर ते शून्य दाखवेल. दुसऱ्या गाडीतून काढलेलं असेल तर त्या गाडीचं रनिंग दाखवेल. दोन्ही आकडे या गाडीसाठी खोटे.

जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत मीटरची केबल यायची. चाकांबरोबर केबल फिरायची, वर्म गिअर तो वेग कमी करत न्यायचे आणि शेवटी आकड्यांची छोटी चाकं हळूहळू सरकायची. उजवीकडचं चाक नवावरून शून्यावर आलं की शेजारचं एक घर पुढे जायचं, बेरजेतल्या हातच्यासारखं. मीटर बदलला तर ही चाकं हाताने फिरवून जुन्या आकड्यावर आणून ठेवायची, झालं. अनेक मीटरांना पाचच आकडे असायचे, त्यामुळे ९९,९९९ नंतर गाडी कागदोपत्री पुन्हा कोरी.

आता केबल गेली. चाकांवरचे किंवा गिअरबॉक्सवरचे सेन्सर पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, पाठवतात, पॅनलमधला प्रोसेसर ते मोजतो आणि बेरीज ईईप्रॉम नावाच्या चिपमध्ये लिहितो. वीज गेली तरी या चिपमधलं पुसलं जात नाही. बॅटरी महिनाभर काढून ठेवा, आकडा जागचा हलत नाही.

(दृश्य : भिंगाखाली सर्किट बोर्ड. आठ पायांची चिप.)

ही ती चिप. आठ पाय, लांबी जेमतेम पाच मिलिमीटर. अशा चिपमधल्या एका जागी साधारण दहा लाख वेळा लिहिता येतं. संख्या मोठी वाटते, पण दर शंभर मीटरला त्याच जागी लिहीत गेलं तर एक लाख किलोमीटरला ती जागा संपेल. म्हणून आकडा आळीपाळीने वेगवेगळ्या जागी लिहितात, त्याच्या एकापेक्षा जास्त प्रती ठेवतात आणि सोबत पडताळणीची एक बेरीजही नोंदवतात. प्रती जुळल्या नाहीत की अनेक पॅनल आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा दाखवतात. इतक्या बारकाईने केलेली ही रचना पाहिली की तिच्याबद्दल आदर वाटतो.

मग आकडा जुळवायचा कसा? पॅनल कोरं असेल तर बहुतेक वेळा कंपनीचं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकांशी बोलणारं यंत्र, लावून जुनं रीडिंग भरता येतं. काही कंपन्यांची पॅनल ही नोंद एकदाच स्वीकारतात, तीही पुढच्या दिशेने. भरताना एक शून्य जास्त पडलं तर ते पॅनल वाया. म्हणून आकडा दोघांनी मोठ्याने वाचून मगच भरावा.

पॅनल जुनं आणि त्याच मॉडेलचं, त्याच पार्ट नंबरचं असेल, तर मला सगळ्यात पटणारा मार्ग म्हणजे मूळ चिपच नव्या बोर्डावर नेणं. गाडीची आठवण जशीच्या तशी जाते, आकड्याला कुणाचा हात लागत नाही.

(दृश्य : गरम हवेने चिप सुटते. चिमट्याने उचलली जाते.)

बोर्डावर गरम हवा सोडली आहे, कथील वितळण्याची वाट पाहायची. घाईने ओढलं तर खालची तांब्याची पट्टी उखडते आणि बोर्ड जातो. चिपवरचा ठिपका पहिला पाय कुठला ते सांगतो. नव्या बोर्डावर तो त्याच कोपऱ्यात आला पाहिजे, उलटी बसली तर चिप जळू शकते.

चिप बदलता येत नसेल तर तिच्यातला मजकूर वाचून दुसरीत लिहावा लागतो. चिपला बोर्डावरच क्लिप लावून वाचता येतं, पण क्लिपमधून जाणाऱ्या विजेने शेजारचा प्रोसेसरही जागा होऊ शकतो. मग तोही चिपशी बोलू लागतो आणि वाचन बिघडतं. म्हणून दोनदा वाचायचं, दोन्ही वाचनं सारखी आली तरच पुढे जायचं. मूळ प्रत जपून ठेवल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर अंकांच्या रांगा.)

इथे किलोमीटर सरळ दिसत नाहीत. समजा गाडी ८८,२१० किलोमीटर चालली आहे. दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलं की हा आकडा ०१ ५८ ९२ असा होतो. काही पॅनलमध्ये तो उलट्या क्रमाने, ९२ ५८ ०१ असा लिहिलेला असतो, तर काहींमध्ये आणखी गुंतवलेला. अंदाजाने काही बदलण्याची ही जागा नव्हे.

आता किल्ली फिरवू. गाडी सुरू होते आणि क्षणात बंद पडते. अनेक गाड्यांत चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची माहिती पॅनलमध्येच असते. फोक्सवॅगन गटाच्या साधारण २००० च्या सुमाराच्या बऱ्याच गाड्या अशाच. चावी, इंजिनाचा संगणक आणि पॅनल, तिघांची ओळख पटावी लागते. मूळ चिप नव्या बोर्डावर नेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे अशा कितीतरी पॅनलमध्ये ही ओळखही तिच्याबरोबर येते.

आकडा एकाच जागी असतो असंही नाही. इंजिनाचा संगणक, लाइटचं मॉड्यूल, चावीचं मॉड्यूल यांतही त्याची नोंद असू शकते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये या नोंदी जुळल्या नाहीत की मीटरवर एक बारीक ठिपका पेटून राहतो. वापरलेली गाडी घेताना या ठिपक्याकडे नजर टाकायलाच हवी.

आकडा जुळला, तरी मोजणीचा वेग जुळला का? हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून इथे थोडं थांबू. जपानी मानकात मीटरची केबल किलोमीटरला ६३७ फेरे घेते. फेऱ्याला चार पल्स देणारा सेन्सर असेल तर किलोमीटरला २,५४८ पल्स होतात. आठ पल्सच्या हिशोबाचं पॅनल बसवलं, तर गाडी १०० किलोमीटर धावेल आणि मीटरवर ५० चढतील. आज जुळवलेला आकडा उद्यापासून पुन्हा खोटा. मैलांचं पॅनल आलं तर तीच गत, ६०,००० मैल म्हणजे सुमारे ९६,५६० किलोमीटर.

हीच अवजारं घेऊन मीटर मागे फिरवणारेही आहेत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजाने तिथे वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या आकड्यांनी विकल्या जातात. जर्मनीत २००५ पासून हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत तुरुंगवासाचा. बेल्जियममध्ये गाडी विकताना तिच्या किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. मला राग येतो तो यासाठी की टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, कधी बदलायचा हे याच आकड्यावर ठरतं. तो वेळेत बदलला नाही आणि तुटला, तर कितीतरी इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. फसवणूक करणारा पैसे घेऊन गेलेला असतो, खर्च मात्र पुढच्याच्या माथी.

जुना आकडा मिळतच नसेल तर? पडदा मेलेला असला तरी प्रोसेसर जिवंत असेल तर स्कॅनर आकडा देतो. बोर्ड जळलाच असेल तर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये शोधायचा. तिथेही नसेल तर शेवटच्या सर्व्हिसची नोंद धरायची आणि हा अंदाज आहे हे लिहून द्यायचं. अमेरिकेचा कायदा याबाबत नेमका आहे. आकडा जुळवता येत नसेल तर मीटर शून्यावर ठेवायचा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जुने किलोमीटर आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना लावायची. ही पद्धत कुठेही पाळण्यासारखी आहे.

(दृश्य : गाडी रस्त्यावर. बाजूला किलोमीटरचे दगड.)

शेवटची तपासणी रस्त्यावर. ट्रिप मीटर शून्य करून दहा किलोमीटरचे दगड मोजायचे. घासलेल्या टायरमुळे एकदोन टक्क्यांचा फरक पडेल, त्याहून जास्त असेल तर पॅनल परत खोला. फरक नसेल तर गाडी बंद करून बॅटरी काढायची, पुन्हा जोडायची आणि आकडा जागेवर आहे ना ते बघायचं. मग जुन्या आणि नव्या पॅनलचे फोटो, दोन्हींचे पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लावायचे, आणि जुनं पॅनल मालकाच्या हाती द्यायचं.