पानाला दिलेली धुरी

समोरच्या मेजावर तीन बरण्या आणि एक लहान कुपी ठेवली आहे. मी बोलत असताना त्या रांगेरांगेने फिरतील. प्रत्येकाने झाकण काढून शांतपणे वास घ्यावा आणि झाकण लावूनच पुढे द्यावे. बरण्यांतली पाने ओढण्यासाठी आणलेली नाहीत. तंबाखू कोणतीही असो, ती अपायकारकच आहे, आणि धुरी दिलेल्या पानात तर लाकडाच्या धुरातून आलेली घातक द्रव्येही मिसळलेली असतात. इतके स्पष्ट सांगून मी माझ्या विषयाकडे वळतो, कारण पानाची पारख करण्यात माझी सारी नोकरी गेली आणि त्या पारखीतून जे हाती लागले ते सांगावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी फोंडा तालुक्यातला. नोकरीची बहुतेक वर्षे मात्र आंध्रात, गुंटूरच्या बाजूला काढली. तिथले पान भट्टीत वाळवतात. पण विस्तव बाहेर असतो, लोखंडी नळांतून फक्त उष्णता आत फिरते आणि धूर धुराड्यातून बाहेर निघून जातो. पहिल्याच हंगामात माझ्या वरिष्ठांनी एक गठ्ठा उघडला, पान नाकाशी नेले आणि काही न बोलता गठ्ठा बाजूला ठेवला. पानाचा रंग लिंबासारखा पिवळा, पोत रेशमासारखा. मला दोष दिसेना. दुपारी त्यांनी सांगितले, "त्या भट्टीचा नळ कुठेतरी तडकलेला आहे. पानाला धूर लागला आहे." धूर लागलेल्या पानाची प्रत उतरते हा धडा मी त्या दिवशी शिकलो. पुढे काही वर्षांनी लटाकिया या मुद्दाम धुरी दिलेल्या पाइपच्या तंबाखूची पुडी प्रथम हातात आली, तेव्हा हा धडा अपुरा असल्याचे कळले. इथे धूर लागणे हेच पानाचे मोल होते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला ओवा, बाळंतशेपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. चुलीचा धूर आणि ती धुरी यांत जो फरक आपल्या घरातल्या बायकांना सहज कळतो, तोच फरक मला तंबाखूच्या बाबतीत समजायला इतका वेळ लागला.

पहिली बरणी सायप्रसच्या लटाकियाची आहे. लटाकिया हे सिरियाच्या किनाऱ्यावरील एका बंदराचे नाव. पान त्या बंदरातून बाहेर जाई म्हणून त्याला ते नाव पडले, आणि पुढे सायप्रसमध्ये तयार होऊ लागलेल्या पानानेही तेच नाव घेतले. आज बाजारात लटाकिया म्हणून जे मिळते ते प्रामुख्याने सायप्रसचेच असते. हे पान मुळात पौर्वात्य जातीचे, लहान आणि आधी उन्हात वाळवलेले. वाळून झाल्यानंतर ते बंद कोठीत टांगतात आणि खाली ज्वाळा न काढता नुसते धुमसत ठेवलेले जळण लावतात. हे काम कित्येक आठवडे चालते. जळणात मुख्यतः मस्तकीचे झुडूप, जोडीला मर्टलचे झुडूप आणि चीड, सायप्रेस (हे झाडाचे नाव, बेटाचे नव्हे) व ओक यांच्या फांद्या असतात. आपल्याकडे आयुर्वेदी औषधांच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून जो डिंक मिळतो, तो याच जातीच्या झुडपाचा. ज्यांनी तो कधी चघळला असेल त्यांना बरणीचे झाकण उघडताच ओळखीचे काहीतरी जाणवेल: मंदिरातला धूप, कमावलेले कातडे आणि खाली मंद गोडवा.

कुपीत आहे ते सिरियाचे पान. आमच्या शेजारी एक तारवटी राहत असत. बोटीवरून सुटीवर आले की निरनिराळ्या बंदरांत घेतलेले पत्र्याचे डबे बरोबर आणीत. त्यांच्या घरच्यांनी माळा साफ करताना सापडलेला एक डबा मला दिला. त्याच्या तळाशी हे एवढेच उरले होते. सिरियाचे पान निराळ्या जातीचे, लांबट आणि अरुंद. तिथल्या डोंगरांतील ओक आणि चिडाच्या लाकडावर ते काही महिने धुरात टांगलेले असे. माझ्या नाकाला दोन्हींतला फरक असा वाटतो: सायप्रसचे पान धुपासारखे भरून येते, सिरियाचे पान मात्र कोरडे आणि किंचित आंबट, जुन्या द्राक्षमद्याच्या पिंपासारखे लागते. पुष्कळ जाणकार सिरियाच्या पानाला वरचे मानतात. माझे मत तसे नाही. सायप्रसचे पान मिश्रणात दुसऱ्या पानांना दाबून टाकते ही तक्रार खरी आहे, पण तो प्रमाणाचा प्रश्न आहे, पानाचा नव्हे.

आता तिसऱ्या रांगेतली बरणी पाहा. ही अमेरिकेतील पश्चिम केंटकी आणि त्याला लागून असलेल्या टेनेसीच्या भागातली, जाड, तेलकट, काळपट तपकिरी पानांची. या काळ्या पानांवरून त्या प्रदेशाला 'ब्लॅक पॅच' म्हणजे काळा पट्टा म्हणतात. तिथल्या उंच लाकडी कोठारात काठ्यांवर ओळीने पाने टांगतात, जमिनीवर हिकरी आणि ओकच्या फळ्यांचे तुकडे रचतात आणि त्यावर लाकडाचा भुसा पसरतात, म्हणजे जाळ होत नाही. आधी कमी उष्णतेवर पान पिवळे पडू देतात, मग हळूहळू रंग चढवतात, मग वाळवतात. धूर कोंडून राहावा म्हणून कोठाराची दारे लावून घेतात आणि विस्तव भडकू नये म्हणून कुणी तरी रात्रंदिवस लक्ष ठेवून असतो.

इथे एक भेद लक्षात घ्यावा, कारण माझ्या मते सर्व तुलनेचे मूळ त्यात आहे. लटाकियाचे पान धुरीला बसते तेव्हा वाळून झालेले असते. त्याला धुराची गरज नसते, धूर केवळ गंधासाठी दिला जातो. केंटकीचे पान कोठारात जाते तेव्हा ओले असते. धूर त्याला वाळवतो, बुरशीपासून वाचवतो, आणि गंध मागाहून येतो. पूर्वी व्हर्जिनियातही पान समुद्रापार जाताना पिंपात कुजू नये म्हणून विस्तवावर वाळवीत असत. पावसाळ्यात चुलीवर बांबूची ताटी टांगून त्यावर ओलसर वस्तू ठेवणाऱ्या गोमंतकीय घराला हे निराळे सांगायला नको. आषाढात माझ्या आजीच्या चुलीवर अशी ताटी कायम असे. तिच्यावरच्या बियाण्याला आणि सुक्या मासळीला नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींचा, जो वास लागे तो तिने मुद्दाम दिलेला नसे, पण पुढे तो नसला तर आम्हाला चुकल्यासारखे होई. केंटकीच्या पानाचा धूर या घराण्यातला आहे, लटाकियाचा धूर धुपाच्या घराण्यातला.

लाकडाप्रमाणे धूर बदलतो, याचे कारण लाकडाच्या घटनेत आहे. लाकडाला टणकपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य जळताना मोडते आणि त्यातून फिनॉल वर्गाची सुगंधी द्रव्ये निघतात. ओक, हिकरी यांसारख्या रुंदपर्णी झाडांच्या धुरात ग्वायाकॉलबरोबर सिरिंगॉलही भरपूर असते. चिडाच्या वर्गातील झाडांच्या धुरात मुख्यतः ग्वायाकॉल, आणि शिवाय राळेतून आलेली द्रव्ये. म्हणून केंटकीच्या बरणीत भाजलेल्या, खारवलेल्या मांसाची आठवण होते, तशी सायप्रसच्या बरणीत होत नाही.

रंगावरून मात्र कुणी फसू नये. सायप्रसचे पान कोळशासारखे काळे, म्हणून ते कडक असेल असे प्रत्येक नवखा समजतो. प्रत्यक्षात त्यात निकोटिन बेताचेच असते, आणि त्याहून उजळ दिसणाऱ्या केंटकीच्या पानात भरपूर. म्हणूनच पाइपच्या इंग्रजी धर्तीच्या मिश्रणांत लटाकिया निम्म्यापर्यंतही घालतात. केंटकीचे पान मात्र आपण हिंग घालतो तसे थोडेसेच घालतात.

शेवटची बरणी इटलीची. टस्कनी आणि कंपानिया या प्रदेशांत केंटकीचेच वाण लावतात आणि ओक व बीचच्या लाकडावर वाळवतात. ते मुख्यतः तोस्कानो चिरूटांसाठी वापरले जाते, पण पाइपमध्येही जाते. बी अमेरिकेचे असूनही ही बरणी आधीच्या बरणीहून मऊ लागते, कारण माती वेगळी आहेच, पण जळणही वेगळे आहे. मलावीतही असे पान होते. तिथे बर्ली या नुसत्या हवेवर वाळवलेल्या तंबाखूच्या मानाने त्याचे प्रमाण थोडे आहे.

या सर्व वाणांचे भवितव्य जळणाने ठरवले, असे मला अभ्यासाअंती वाटते. सिरियात पानाला धुरी देण्यासाठी डोंगर उघडे पडू लागले आणि ते काम थांबले. बियाणे होते, कसब होते, लाकूड राहिले नाही. सायप्रसमध्ये मुख्य भार झुडपांवर राहिला. केंटकीत लाकूड कापणाऱ्या गिरण्यांच्या फळकुटांवर आणि भुशावर काम चालते, म्हणून ते अजून टिकून आहे. आपल्या जवळचे उदाहरण श्रीलंकेतील जाफन्याचे. तिथले पान पाइपचे नव्हे, खायचे. पण त्यालाही धुरी देतात, आणि ती नारळाच्या सोडणांची. झाड न तोडता मिळणारे हे जळण आहे. पूर्वी ते पान त्रावणकोरात मोठ्या प्रमाणावर विकले जाई. पोर्तुगीज काळात गोव्यात ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून तंबाखू बोटींनी येत असे. दोरासारखी वळून तिला काकवी लावलेली असे, धूर नसे. आपल्या नारळाच्या बागा डोळ्यांसमोर असताना इथे कुणी सोडणांच्या धुराचा प्रयोग केला असता तर पान कसे झाले असते, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

कुपी आता माझ्याकडे परत येत आहे असे दिसते. मधल्या रांगेतील ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी व्याख्यानानंतर मेजाजवळ यावे, मी स्वतः उघडून दाखवीन. झाकण मात्र फार वेळ उघडे ठेवता येणार नाही. आत जेमतेम चमचाभर पान आहे आणि दर वेळी उघडताना त्याचा वास थोडा कमी होतो.