शेल स्क्रिप्ट: लूपच्या आतला लूप

नमस्कार. बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर आज्ञा चालवणाऱ्या शेलमध्ये, एका लूपच्या (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या) आत दुसरा लूप लिहिणे सोपे असते, पण तो कोठे फसतो हे एररचा संदेश सांगत नाही, म्हणून आज त्याच जागा पाहू.

पडद्यावर पाढ्यांची स्क्रिप्ट आहे. बाहेरचा फॉर लूप २ ते ३० आकडे घेतो, आतला १ ते १०. बाहेरच्या प्रत्येक फेरीत आतला लूप पहिल्यापासून पूर्ण चालतो, त्यामुळे दोनाचा पाढा संपल्यावरच तीनाचा सुरू होतो आणि एकूण २९० ओळी छापल्या जातात. आतला लूप व्हाईलने, म्हणजे अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपने लिहिला, तर मोजणीचे व्हेरिएबल बाहेरच्या लूपच्या पोटात पुन्हा १ वर आणावे लागते. ते दोन्ही लूपच्या आधी एकदाच लिहिले, तर दोनाचा पाढा छापल्यावर त्याची किंमत ११ वर अडकते आणि पुढचे सगळे पाढे गुपचूप गायब होतात.

आता ८४ हा गुणाकार पहिल्यांदा कोणत्या पाढ्यात येतो ते शोधू. सापडताच नुसते ब्रेक लिहिले, तर फक्त आतला लूप थांबतो, बाहेरचा चालूच राहतो आणि १२, १४, २१, २८ अशी चार उत्तरे मिळतात. ब्रेकपुढे २ लिहिले की दोन्ही लूप सुटतात आणि १२ एवढेच उत्तर येते. कंटिन्यूपुढे २ लिहिल्यास बाहेरच्या लूपची पुढची फेरी सुरू होते.

सर्वांत फसवी जागा मात्र वेगळीच आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. बाहेरचा व्हाईल-रीड लूप फाइलमधून सर्व्हरची नावे एकेक ओळ करून वाचतो, आतला फॉर लूप प्रत्येक सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने) तीन आज्ञा चालवतो. स्क्रिप्ट पहिल्या सर्व्हरवर तिन्ही आज्ञा चालवते आणि तेथेच संपते. कारण आतल्या आज्ञांना बाहेरच्या लूपचेच स्टँडर्ड इनपुट, म्हणजे वाचायचा मजकूर जिथून येतो तो प्रवाह (इथे नावांची फाइल), मिळते. पहिलाच एसएसएच यादीतली उरलेली नावे वाचून टाकतो, आणि रीडच्या हाती काहीच लागत नाही. एसएसएचला डॅश एन हा पर्याय दिला की तो यादीला हात लावत नाही. व्हिडिओ-ऑडिओचे रूपांतर करणारा एफएफएमपेगही असेच इनपुट वाचतो. त्याला डॅश नोएसटीडीइन द्यावे.