रेशमाची दोरी, प्लास्टिकची दोरी

श्रोतेहो, नमस्कार.

तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं आपण नागपूरकर लहानपणापासून बघत आलो आहोत. काठी, दोरा, दोऱ्याला शिशाचा तुकडा, खाली गरी आणि गरीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. शिसं जड असतं, ते पुढे जातं आणि हलका दोरा त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलट होतं. तिथे गरीला पिसं आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन जवळजवळ नसतंच. मग ती चाळीस-पन्नास फूट लांब जाते कशी? ती जाते दोरीच्या वजनानं. दोरीच फेकायची असते, माशी फक्त तिच्या टोकाबरोबर जाते. एवढं लक्षात ठेवा: फ्लाय फिशिंगमध्ये वजन गरीला नसतं, वजन दोरीला असतं. म्हणून ही दोरी कशाची, यावर पुढचं सगळं अवलंबून.

युरोपात ती आधी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. पुढे केसांत रेशीम मिसळू लागले आणि एकोणिसाव्या शतकात निव्वळ रेशमाची दोरी आली. रेशमाचे बारीक धागे वेणीसारखे एकमेकांत विणायचे, मध्ये पदर वाढवायचे, टोकाकडे कमी करत न्यायचे. त्यामुळे दोरी पोटात जाड आणि टोकाला निमुळती होते. मग तिला तेल पाजायचं. कोणतं तेल? जवसाचं. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचं. हे तेल उडून जाऊन सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, घट्ट होतं आणि त्याचा लवचिक पापुद्रा बनतो. तेलाचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासून गुळगुळीत करायचं, पुन्हा हात द्यायचा. चांगल्या दोरीला या कामात आठवडेच्या आठवडे जात.

आता बघा, विदर्भ हा जवसाचा जुना मुलूख. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर काम चालत आलं आहे. राज्याचं रेशीम संचालनालयही आपल्या नागपुरातच आहे. रब्बीत जवसाच्या निळ्या फुलांचे पट्टे दिसत, ते आता फार कमी झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरात जवसाची चटणी होत नसेल तर करा. तो विषय आजचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्लास्टिकच्या दोरीकडे येऊ. ड्यूपाँ कंपनीनं 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं. 1950 च्या दशकात अमेरिकेत कॉर्टलंड आणि सायंटिफिक अँगलर्स या कंपन्यांनी विणलेल्या नायलॉनवर पीव्हीसीचा लेप दिलेल्या दोऱ्या बाजारात आणल्या. या दोरीचा निमुळतेपणा लेप जाड-पातळ करून साधतात. पुढे त्या लेपात काचेचे अगदी सूक्ष्म पोकळ मणी मिसळू लागले, त्या मण्यांमुळे ती तरंगते. रेशीम पाण्यापेक्षा जड असतं. त्याला चरबीचं मलम चोळलं तर ते तरंगतं, आणि तीन-चार तासांनी पाणी प्यायला लागलं की बुडायला लागतं. प्लास्टिकची दोरी सकाळी पाण्यात सोडली तर संध्याकाळपर्यंत तरंगते. तिला मलम नको आणि घरी आल्यावर वाळवणं नको. रेशीम मागं पडलं ते या सोयीमुळे, आणि ती सोय खरी आहे.

पण वजन तेवढंच ठेवलं तर रेशमाची दोरी बारीक असते आणि तरंगणारी प्लास्टिकची जाड असते. पुन्हा सांगतो: वजन सारखं, पण रेशीम बारीक, प्लास्टिक जाड. बारीक दोरी वाऱ्यातून कापत जाते आणि पाण्यावर हलकी उतरते. रेशीम ओढल्यावर ताणलंही कमी जातं, त्यामुळे माशाचा नुसता स्पर्शसुद्धा बोटाला कळतो. पूर्वी रेशमाच्या दोऱ्या जाडीवरून अक्षरांनी ओळखत. प्लास्टिक आल्यावर जाडीवरून वजन कळेना, म्हणून 1960 च्या सुमारास पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून नंबर ठरले. 5 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात.

हे झालं शास्त्र. आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझ्याकडे रेशमाची एक जुनी दोरी आहे, माझ्या मामांची. मामा रेल्वेत होते. त्यांना ती पचमढीला जुन्या सामानाच्या लिलावात मिळाली होती. एका हिवाळ्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, मी ही दोरी आणि माझी नेहमीची प्लास्टिकची दोरी अशा दोन्ही घेऊन भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या पुढे एका मामा तलावावर गेलो. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आपल्याकडे सांगायला नको. तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी काढली. तलाव संस्थेकडे असतो, परवानगी काढल्याशिवाय कोणीही गळ टाकू नये, हे माझं ठाम मत आहे. संस्थेच्या लोकांनी सांगितलं, काठावर एक ढिवर बाबाजी राखणीला असतात, त्यांच्या नजरेसमोर काय ते करा.

बाबाजी पाळीवर बसले होते. खांद्यावर पंचा, बाजूला गुंडाळलेलं फेकजाळं, त्याच्या कडेला शिशाचे मणी. मी आधी प्लास्टिकची नारिंगी दोरी काढली. पूर्वेचा वारा सुटला होता. कमळाच्या पानांच्या कडेला मरळ वर येऊन हवा घेताना दिसत होती. वाऱ्यामुळे दोरी आखूड पडत होती, पडताना पाण्यावर जोरात आपटत होती, आणि मरळ खाली जात होती. बाबाजी बघत होते, बोलत काही नव्हते.

मग मी रीळ बदललं आणि मामांची दोरी लावली. आदल्या रात्री तिला मलम चोळून ठेवलं होतं. ती वाऱ्यात सरळ गेली. माशी पानाच्या कडेला पडली, मी ती हळूहळू ओढली आणि मरळ लागली. चांगली हातभर होती. सोडवून पाण्यात सोडली. एका सकाळीवरून दोन दोऱ्यांचा निकाल लागत नाही, वारा थोडा पडलाही असेल. पण माशाकडे न बघता बाबाजी उठले आणि माझ्या हातातल्या दोरीपाशी आले.

“हे कायचं हाये?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “तुम्हीच सांगा, बाबाजी.”

मी त्यांना रॉड देऊ लागलो. त्यांना रॉड नको होता. त्यांनी दोरी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली, डोळे मिटले आणि हातभर दोरी सावकाश सरकवली. मग नाकाला लावली. म्हणाले, याच्या मागच्या टोकाचं दोन बोटं द्या. दोरी मोलाची होती, पण मी कापून दिली. त्यांनी विडी पेटवली आणि तो तुकडा निखाऱ्याला धरला. तो चुरचुरत आत ओढला गेला आणि थांबला. बाबाजींनी जळलेलं टोक बोटांत चुरगाळलं, त्याची काळी भुकटी झाली. त्यांनी ती मला दाखवली. वास केस जळल्याचा.

“किड्याचं हाये,” ते म्हणाले. “पन आमच्या कोशाचं नाही.”

मी प्लास्टिकच्या दोरीचाही तुकडा दिला. तो वितळला, काळा धूर आला, तिखट वास नाकात गेला आणि टोकाला कडक गोळी झाली. ती बोटांनी फुटेना. बाबाजींनी ती खिशात टाकली, तलावाच्या काठी टाकली नाही.

श्रोतेहो, भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या मासेही धरतात आणि ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडेही पाळतात. एकाच घरात जाळं आणि रेशीम. म्हणून हा माणूस बोटांनी ओळखू शकला.

दुपारी त्यांनी मला घरी चहाला नेलं. ओसरीवर आजी बसल्या होत्या. पुढ्यात उकडलेले कोसे होते, आणि मांडीवर तळव्यानं वळत त्या तार काढत होत्या. बाबाजींनी काही न सांगता दोरीचं विसकटलेलं टोक त्यांच्या हातात दिलं. आजींनी त्यातला एक धागा उसवला, उजेडाकडे धरला, आणि आपल्या मांडीवरच्या तारेशेजारी ठेवला. आजींची तार मधाच्या रंगाची, कुठे जाड, कुठे पातळ. दोरीतला धागा बारीक आणि सबंध एकसारखा.

“आमचा किडा रानात झाडावर राहते,” आजी म्हणाल्या. “ऊन, पानी, पाखरं, मुंग्या, सारं सोसते. हा घरात बसून खानारा किडा हाये.”

अगदी बरोबर. तो तुतीचा किडा, घरात ताटांवर वाढवलेला. त्याच्या एका कोषातून हजारेक मीटर सलग तार निघते, म्हणून अशा दोऱ्या तुतीच्या रेशमाच्या करतात. पुस्तकात हे मी वाचलं होतं. आजींनी ते एका धाग्यावरून सांगितलं.

मग बाबाजी बोलायला लागले. त्यांच्या वडिलांचं जाळं सुताचं होतं. ऐनाची साल उकळून त्या काढ्यात ते बुडवून ठेवत, म्हणजे पाण्यात कुजत नसे. रोज संध्याकाळी जाळं दोन झाडांच्या मध्ये वाळत घालावं लागे. ते म्हणाले, “येनाचा पाला किड्याले, साल जाळ्याले.” ऐनाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, कातडी कमावायलाही ती वापरतात. एकच झाड रेशमाच्या किड्याला खाऊ घालायचं आणि माशाचं जाळं टिकवायचं. नायलॉन आलं आणि वाळवणं गेलं. बाबाजी स्वतः नायलॉनचं जाळं वापरतात आणि त्याला नावं ठेवत नाहीत. पण फाटलेलं जाळं लोक पाण्यातच सोडून देतात आणि त्यात पाणकावळे अडकून मरतात, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, सुताचं जाळं सोडलं तर पावसाळ्यात सडून जात असे, हे सडत नाही.

नायलॉनचा विषय निघालाच आहे तर मांजाबद्दल बोलतो. संक्रांतीला आपल्या शहरात नायलॉन मांजानं माणसांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर त्याच्यावर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तरी तो विकला जातो, कारण आपण विकत घेतो. घरात पोरानं चक्री आणली तर तिच्यावरचा धागा जाळून बघा. भुकटी झाली तर सूत, कडक गोळी झाली तर नायलॉन. नायलॉन निघाला तर पोराच्या हातात देऊ नका.

दोरीकडे परत येतो. त्या दिवशी दुपारनंतर रेशमाची दोरी पाणी प्यायली, जड झाली, आणि मी पुन्हा प्लास्टिकची लावली. म्हणून माझं मत सांगतो. दिवसभर मासेमारी करायची असेल आणि रात्री हात-पाय पसरून झोपायचं असेल तर प्लास्टिक घ्या. तिला डासांचं मलम लावलेला हात लावू नका, त्यातलं औषध तो लेप खाऊन टाकतं, आणि जुनी झालेली दोरी पाण्यात न टाकता घरी आणा. पण ज्याला वाऱ्यात, स्वच्छ पाण्यात, बुजऱ्या माशापुढे माशी ठेवायची आहे आणि संध्याकाळचा अर्धा तास दोरीला द्यायची तयारी आहे, त्यानं रेशीम घ्यावं. आणि मला वाटतं, अशी दोरी आपल्याकडे विणली जावी. तुतीचं रेशीम मराठवाड्यात पिकतं, जालन्याला कोषांची बाजारपेठ आहे, जवस आपलं आहे. अशा दोऱ्या आजही युरोपात मोजकी माणसं हातानं करतात. आपल्याकडे कोणी करायला घेतलं तर पहिली दोरी मी घेईन.

ज्यांच्या घरी वडिलांची-आजोबांची अशी जुनी दोरी पडून असेल, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. ती चिकट झाली असेल तर फेकू नका. आधी रिळावरून पूर्ण सोडवा. कोमट पाण्यात अगदी थोडा धुण्याचा सोडा घालून तिच्यावरचं जुनं तेल सैल करा. पाणी कडकडीत नको आणि सोडा जास्त नको, रेशीम खराब होतं. स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत ताणून वाळवा. मग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलाचा पातळ हात चिंधीनं द्या, पूर्ण सुकू द्या, पुन्हा द्या. आणि ती तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि बोळ्यातल्या बोळ्यात चिंधी आपोआप पेटू शकते. नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच नको. चिंधी पाण्यात बुडवा, अंगणात मोकळी पसरून वाळवा, मगच टाका. पुन्हा सांगतो: चिंधीचा बोळा करायचा नाही, पसरून वाळवायची.

नमस्कार.