ऑपरेशननंतरचं धनुष्य

60 पौंडाचं धनुष्य म्हणजे ओढायला साधारण 27 किलो. सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा थोडं जास्तच, आणि हे वजन उचलायचं नसतं, एका खांद्याच्या जोरावर मागे ओढायचं असतं, एका बाणासाठी एकदा, असं सकाळभर. मानकापूरकडे राहणारे काका वर्षानुवर्षं हेच करत आले. कंपाउंड धनुष्य, 50 मीटर अंतर, समोर 80 सेंटीमीटरचा कागद आणि त्यात 10 गुणांचा गोल फक्त 8 सेंटीमीटरचा. 2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला सगळेच्या सगळे 15 बाण त्या 10 मध्ये घातले, 150 पैकी 150, तेव्हा काका टीव्हीसमोर उभे राहून ओरडले, पण टाळ्या वाजवायला उजवा हात वर जातच नव्हता.

खांद्याचा सांधा फार मोकळा असतो म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार छोटे स्नायू, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. काकांचा त्यातला वरचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, आधीच झिजलेला, त्यात गाडी घसरून पडले अन् तो फाटला. धंतोलीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, हाडात अँकर बसवून टेंडन परत शिवला.

मग नागपूरचा उन्हाळा. 45 डिग्रीत छातीशी बांधलेली स्लिंग, घामाने पट्टा कापतो, रात्री आडवं झोपता येत नाही म्हणून कूलरसमोर दिवाणावर उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. सहा आठवडे हात स्वतःच्या ताकदीने उचलायचाच नाही, फिजिओ उचलेल तेवढाच. साधारण तीन महिन्यांनी रबरबँड. ह्या सगळ्यात एक गोष्ट लोकांना कळत नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे, दुखणं आधी थांबतं आणि टेंडन हाडाला नीट धरतो तो त्याच्या बऱ्याच नंतर. मधल्या काळात माणसाला वाटतं झालं बरं. काकू म्हणायच्या, "दुखून नाही राहिलं म्हणजे बरं झालं असं नसते हो, डॉक्टर काय म्हणाले ते आठवा."

काकांचा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोला. तो धनुष्याने शिकार करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, पेंच-ताडोबाच्या इतक्या जवळ राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. तिकडे मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या सीझनमध्ये, ठरलेल्या हत्याराने करता येते. योगायोग असा की त्याच्याही खांद्याचं तेच ऑपरेशन झालेलं, म्हणून मामा-भाचे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर, एकीकडे रात्र एकीकडे सकाळ, दोघंही हातात काठी धरून व्यायाम करून राहिले.

भाच्याची घाई खरी होती. तिकडे एल्कचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचा, धनुष्याचा सीझन सप्टेंबरात, आणि कायद्याने धनुष्य कमीत कमी 35 पौंडाचं पाहिजे. तो म्हणे, "मामा, 35 तर मी आरामात ओढतो आता." काका म्हणाले, "ओढतो ते ठीक आहे रे, न सोडता परत आणून दाखव."

आता हे नीट समजून घ्या कारण सगळी गोष्ट इथेच आहे. कंपाउंडच्या दोन टोकांना कॅम, म्हणजे वेड्यावाकड्या गोलाईची चाकं असतात, ती फिरली की ओढताना पहिल्यांदा पूर्ण वजन येतं आणि शेवटी एकदम हलकं होतं, ह्या हलकं होण्याला लेट-ऑफ म्हणतात, तो 80 टक्के असेल तर 60 चे 12 पौंडच हातात उरतात. म्हणून थांबून नेम धरता येतो. पण बाण न सोडता दोर परत पुढे न्यायचा असेल तर कॅम उलटे फिरतात आणि ते सगळं वजन एका झटक्यात हाताला पुढे खेचतं. तो झटका अडवायचं काम त्याच शिवलेल्या स्नायूंचं. मैदानावर बाण सोडून मोकळं होता येतं, फार तर 10 च्या जागी 6 लागेल. जंगलात जनावर वळलं, फांदी आड आली, तर सोडायचाच नसतो, कारण चुकीच्या जागी लागलेला बाण म्हणजे ते जनावर जखमी होऊन कुठेतरी तडफडणार. ज्याचा खांदा परत आणू शकत नाही तो नको तेव्हा सोडतो. मला तरी हे पटलं.

भाचा त्या सप्टेंबरात गेला, पण धनुष्य न घेता. मित्र पुढे बसला आणि हा मागे राहून एल्कचा आवाज काढत राहिला, तिकडे जोडीने जाणारे असंच करतात.

काकांनी इकडे धनुष्याचं वजन कमी करायला त्याच्या पात्यांचे लिंब बोल्ट सैल केले, वरचा-खालचा सारखेच फेरे, पण त्याने दहाएक पौंडच उतरतात, म्हणून एका पोराचं हलकं धनुष्य मागून आणलं. पहिले कित्येक दिवस पाच मीटरवर बाण अडवायचा नुसता गठ्ठा, निशाण्याचा कागद नाहीच. धनुष्य आभाळाकडे करून ओढायची जुनी सवय पूर्ण बंद, हात निशाण्याच्या उंचीला, खांदा खाली दाबलेला आणि ओढ पाठीतून. 50 मीटरवर आले तर बाण सगळे खाली, वजन कमी म्हणजे वेग कमी, नेम धरायची साईट बरीच खाली करावी लागली. मैदानावरचे पोट्टे विचारायचे, काका किती पौंड? काका खरा आकडा सांगायचे.

आता ते 44 वर आहेत. प्रत्येक फेरीत एक बाण असा असतो जो पूर्ण ओढतात, नेम धरतात आणि हळूहळू परत आणून ठेवतात. भाच्यालाही तेच लावून दिलंय, आणि पुढच्या सीझनचा परवाना काढायच्या आधी त्याने तसा व्हिडिओ मामाला पाठवायचा असं ठरलंय.