उद्योगाचा स्वभाव आणि कार्यालयाची मांडणी

(बेळगाव परिसरातील लघुउद्योजकांपुढे एका अंतर्गत सजावटकाराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित उद्योजक बंधू-भगिनींनो,

कार्यालयाच्या कामासाठी येणारे बहुतेक ग्राहक माझ्यापुढे एकच अपेक्षा ठेवतात: आत पाऊल टाकल्याबरोबर आमच्या कंपनीची संस्कृती दिसली पाहिजे. अपेक्षा अगदी रास्त आहे. पण पुढच्याच क्षणी मोबाइल निघतो आणि बंगळूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचे फोटो दाखवले जातात. रंगीत सोफे, भिंतीवर इंग्रजी सुविचार, कोपऱ्यात टेबल टेनिस. त्या फोटोंत संस्कृती नक्कीच आहे, फक्त ती दुसऱ्याच्या कंपनीची आहे. उद्यमबागेत ओतकाम करणाऱ्या, मच्छेला हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवणाऱ्या किंवा शहापूर-वडगावात साड्यांचा व्यापार करणाऱ्या माणसाच्या रोजच्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नसतो.

एखाद्या उद्योगाचा स्वभाव ओळखायचा असेल, तर मी साध्या गोष्टी पाहतो. खिडकीजवळची जागा कोणाला मिळाली आहे, भेटायला आलेल्या माणसाला कुठे आणि किती वेळ थांबावे लागते, कारखान्यातला कामगार कोणत्या दाराने कार्यालयात येतो आणि येताना दबकतो का, चूक झाली की ती कुठल्या टेबलावर बोलली जाते. ही मांडणी मालकाने ठरवून केलेली असो वा नसो, ती रोज काहीतरी सांगत असते आणि कामगार ते अचूक वाचतो. "आम्ही सारे एक कुटुंब" असे पितळी अक्षरांत लिहिलेल्या भिंतीपलीकडे कामगारांना चहा प्यायलाही बाकडे नसेल, तर त्यांचा विश्वास भिंतीवर बसत नाही, बाकड्याच्या नसण्यावर बसतो.

भिंतीवर अक्षरे लिहिण्याची हौस नवी नाही. अमेरिकेत बफेलो शहरात साबण विकणाऱ्या लार्किन कंपनीसाठी फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेली प्रशासकीय इमारत 1906 मध्ये पूर्ण झाली. तिच्या आतल्या भिंतींवर बुद्धी, उत्साह, सहकार्य अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. वास्तुकलेचा अभ्यासक मात्र ती इमारत त्या शब्दांमुळे लक्षात ठेवत नाही. मध्यभागी वरून उजेड येणारा उंच चौक, त्याच्याभोवती मजल्यामागून मजले, आणि चौकाच्या तळाशी कारकुनांच्या शेजारी उघड्यावरच मांडलेली अधिकाऱ्यांची टेबले, ही तिची खरी ओळख होती. अधिकाऱ्याला कारकून दिसत आणि कारकुनांना अधिकारी. त्यात देखरेखही होती, हे विसरून चालणार नाही. तरीही ती देखरेख दोन्ही बाजूंनी चालणारी होती. 1950 मध्ये ती इमारत पाडण्यात आली.

त्यानंतरची एक गोष्ट अधिक बोधप्रद आहे. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी काम करणाऱ्या रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी 1964 मध्ये टेबलांची आणि मग सुधारून 1968 मध्ये हलवता येणाऱ्या पडद्यांची आणि टेबलांची एक पद्धत बाजारात आणली. माणसाने आपली जागा आपल्या कामाप्रमाणे उघडावी, मिटावी, उभ्यानेही काम करावे, असा तिचा हेतू होता. कंपन्यांनी ते पडदे घेतले आणि कमी जागेत जास्त माणसे बसवण्यासाठी वापरले. त्यातून जन्माला आले ते चौकोनी खुराडे, ज्याला आपण आज क्युबिकल म्हणतो. पुढे लाट उलटली, पडदे काढून टाकण्यात आले आणि मोकळे सभागृह म्हणजे मोकळे मन असा समज पसरला. 2018 मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन या अभ्यासकांनी मोकळ्या रचनेत गेलेल्या दोन कंपन्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचे आणि ई-मेल वाढल्याचे आढळले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस कानांत हेडफोन घालतो आणि शेजाऱ्यालाही मेल पाठवतो. भिंत पाडल्याने गप्पा सुरू होतात असे मानणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

एवढे परदेश पुरे. आपल्या गावाकडे या विषयातले सांगण्यासारखे बरेच आहे. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकले, तिथेच यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागले आणि 1888 मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. कारखान्याला लागूनच राहण्याची घरे, आणि राखणीच्या कामावर शिक्षा भोगून आलेली माणसे. माणसावर विश्वास टाकायचा हा त्यांचा स्वभाव त्या वसाहतीच्या मांडणीत आणि नेमणुकांत सारखाच उतरला. आपल्या उद्योगपरंपरेचा आरंभ एका ड्रॉइंगच्या शिक्षकाने केला, याचे मला व्यवसायबंधू म्हणून थोडे अप्रूप वाटते.

आता उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचे, उदाहरण देतो. वडिलांनी उभा केलेला कारखाना मुलाच्या हाती आला होता. जुन्या कार्यालयाची एक भिंत मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या, बाजूला होती आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी होती. तिच्या चौकटीचा खालचा कोपरा वाळू आणि कोळशाच्या भुकटीने काळाकुट्ट झालेला होता, कारण मुकादम दिवसातून अनेकदा तिथेच कोपर टेकून आतल्या माणसांशी बोलत. "मालक, ह्यो कोअर हललाय बघा," म्हणत ते हातातले कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, त्याच चौकटीवर ठेवत. (कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा.) मुलाने आणलेल्या नकाशात ही खिडकी जाऊन तिथे धूळ आणि आवाज अडवणारी बंद काच येणार होती. धूळ अडवणे जरुरीचेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्या कारखान्यातले अर्धे निर्णय त्या काळ्या कोपऱ्यावर होत होते. आम्ही दुहेरी काच बसवली, मधला एक भाग सरकता ठेवला आणि खाली कडाप्प्याचा हातभर रुंद कट्टा केला. त्यावर कास्टिंग ठेवता येते, ड्रॉइंग पसरता येते आणि दोन्ही बाजूंचे लोक उभ्याने बोलू शकतात. कडाप्पा काळाच असल्याने तो मळलेला दिसत नाही, हा जास्तीचा फायदा.

याच कारखान्यात रिजेक्ट झालेला माल मागच्या बाजूला ताडपत्रीखाली असे. गिऱ्हाईक आले की ताडपत्री आणखी खाली ओढली जाई. नव्या पिढीला चुका उघडपणे तपासण्याची सवय लावायची होती, आणि ही इच्छा माझ्या दृष्टीने सगळ्या घोषवाक्यांपेक्षा मोलाची होती. मीटिंगच्या खोलीबाहेर एक लोखंडी टेबल ठेवून त्यावर बाजूने तिरपा उजेड पडेल असा दिवा लावला, कारण पृष्ठभागावरची बारीक छिद्रे आणि भेगा समोरच्या उजेडात लपतात आणि तिरप्या उजेडात सावलीसकट दिसतात. त्या आठवड्यात परत आलेले नग तिथे मांडले जातात. इथे सजावटीने संस्कृती निर्माण केली असे मी म्हणणार नाही. मालकाची तयारी आधी होती, आम्ही तिला उभे राहायला जागा दिली. जिथे मुळात चूक कबूल करणाऱ्याला ओरडा खावा लागतो, तिथे असला दिवा लावून टेबलावर फक्त धूळ दिसेल.

मालकाच्या केबिनवर लोक फार खर्च करतात, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. केबिन असावी. पगाराची बोलणी, घरगुती अडचण, उसनवारी, या गोष्टी चौकात होत नाहीत आणि आपल्याकडे कामगार त्या गोष्टी मालकालाच सांगायला येतो. मात्र ती दाराच्या सगळ्यात लांबच्या टोकाला नसावी, आणि समोर दोन खुर्च्या तरी अशा असाव्यात की मळक्या कपड्यातला माणूस न संकोचता बसेल. पांढऱ्या रेक्झिनची खुर्ची त्याला उभेच ठेवते.

पतसंस्थांचे कार्यालय हा आपल्या भागातला वेगळाच प्रकार आहे. संस्थापकांच्या तसबिरी, शिवाजी महाराज, बसवेश्वर, लक्ष्मीचा देव्हारा आणि अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची एवढे सगळीकडे असतेच, आणि ते असायला माझी काही हरकत नाही. पण या संस्था ज्या पिग्मीवर, म्हणजे रोज गोळा होणाऱ्या छोट्या बचतीवर, उभ्या राहिल्या, तो पिग्मी गोळा करणारा एजंट संध्याकाळी परत येतो तेव्हा बसतो कुठे? बहुधा जिन्यात, किंवा गिऱ्हाइकांच्या बाकावर, मांडीवर पिशवी ठेवून दहा-वीसच्या नोटा लावत. दिवसभर दुकानोदुकानी फिरलेल्या या माणसाला चांगल्या उजेडाखाली एक टेबल, चिल्लर मोजायला कडा असलेला ट्रे आणि हात धुवायला बेसिन दिले, तर ती संस्था कष्टाच्या पैशाला मान देते हे कोणालाही सांगावे लागत नाही. काउंटरचा एक भाग बसून बोलता येईल एवढा खाली घ्यावा, म्हणजे साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. पेन्शन काढायला आलेल्या आजींना उंच काउंटरच्या काचेतल्या भोकाशी मान वर करून बोलायला लावणे हेही संस्कृतीचेच दर्शन आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. कर्नाटकात 2024 पासून व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर 60 टक्के कन्नड मजकूर बंधनकारक आहे, तेव्हा दर्शनी फलकाचा आराखडा त्या चौकटीतच करायचा. काहीजण फलक कायद्यापुरता उरकतात आणि आपली सगळी आवड आत ओततात. मला वाटते कन्नड अक्षरेही चांगल्या सुलेखनकाराकडून काढून घ्यावीत. आपल्याच दारावरची पाटी बेढब का असावी? आतमध्ये तर चित्र आणखी मिश्र असते. हिशेबनीस मराठीत बोलतो, फिटर कन्नडमध्ये, भट्टीवरचा मुलगा बिहार-ओडिशातून आलेला, आणि ड्रॉइंग इंग्रजीत. सुरक्षेच्या सूचना म्हणून आधी चित्रांत असाव्यात आणि मग त्या त्या लिपीत. ज्या भाषेत सूचना नाही, त्या भाषेच्या माणसाच्या बोटांची काळजी कंपनीला नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

साहित्याबद्दल बोलताना पावसाचा विचार आधी करावा लागतो. जून ते सप्टेंबर इथे भिंती ओल धरतात, हलके प्लायवुड तळातून फुगते आणि बंद एसी खोलीत फायलींना बुरशी येते. तरीही कार्यालयांत ओल्या रेनकोटासाठी आणि छत्र्यांसाठी जागा आखलेली क्वचितच दिसते, मग ते खुर्च्यांच्या पाठीवर निथळतात. प्रवेशाजवळ शहाबादी फरशीचा खोलगट पट्टा, त्याला उतार आणि वर खुंट्या, एवढ्याने काम होते. खानापूरच्या लाल मातीची कौले आणि जाळ्या अजून मिळतात. त्या वापरल्या तर वारा खेळतो आणि इमारत इथलीच वाटते. फाउंड्रीवाल्यांना तर मी सांगतो की दाराच्या मुठी, टेबलांचे पाय, फायलींचे टेकू स्वतः ओतून घ्या. बाहेरून आणलेल्या शिल्पापेक्षा आपल्या मोल्डरने ओतलेली मूठ जास्त बोलते, आणि तो मोल्डर ती पाहुण्यांना दाखवतो.

खंडेनवमीचाही विचार नकाशातच करावा. त्या दिवशी यंत्रे धुऊन-पुसून हार घातले जातात आणि कामगारांच्या घरची माणसे, पोरेबाळे कारखाना पाहायला येतात. गेटपासून यंत्रापर्यंत सुरक्षित रुंद वाट आणि हलवता येतील अशी टेबले असली, तर वर्षातला तो एक दिवस धांदलीत जात नाही. ज्यांनी ही वाट आखली, त्यांना एरवी ग्राहकांना फिरवण्यासाठीही ती उपयोगी पडली.

हे सगळे समजून घ्यायला वेळ लागतो. नकाशा काढण्याआधी मी काही दिवस नुसता कार्यालयात बसून राहतो. सकाळची हजेरी, दुपारचा डबा, पगाराचा दिवस पाहतो. बायकांना डबा खायला आणि विश्रांतीला स्वतंत्र खोली आहे का, हे मी विचारत नाही, जाऊन बघतो. मालकांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, पण खर्च वाचतो तो इथेच. पैशाचा क्रम लावायचा झाला तर आधी खुर्च्या, उजेड, स्वच्छतागृह आणि आवाज अडवणे, मग फर्निचर, आणि सर्वांत शेवटी स्वागतकक्षाची भिंत. फॉल्स सीलिंगची नक्षी माझ्या यादीत नसते.

शेवटचा मुद्दा सगळे आधीच आखून न टाकण्याचा. नेदरलँड्समध्ये अपेल्डोर्न इथे हर्मन हर्ट्झबर्गर यांनी सेंट्राल बेहेर या विमा कंपनीचे कार्यालय 1972 मध्ये मुद्दाम उघड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत अपुरे ठेवले. कर्मचाऱ्यांनी त्यात आपली झाडे, चित्रे आणली आणि ते पुरे केले. आपल्या मुलुखात तेवढा धीर धरणारे ग्राहक थोडे. तरी प्रत्येक कामात मी एखादा कोपरा आणि एखादी भिंत मोकळी सोडतो. लोक तिथे काय ठेवतात, कोणते टेबल कुठे सरकवतात, कोणते दार कायम उघडे राहते, हे पाहिले की कंपनीचा स्वभाव मला आधी कितपत कळला होता ते समजते. म्हणून करारातच मी एक पावसाळा उलटल्यानंतरची भेट लिहून घेतो, आणि बदलांसाठी सुतारकामाची थोडी रक्कम त्या भेटीपर्यंत राखून ठेवायला सांगतो.