खिळ्याला दाद न देणारा दगड

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरचा भाग लागतो, त्याच पट्ट्यात मोहगाव-कलान आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात नवरगाव आहे. या गावांच्या परिसरात चर्ट नावाचा गाळाचा दगड सापडतो. चकमक त्याचीच भावंड.

चर्ट ओळखताना रंगावर मुळीच जाऊ नका. तो करडा असतो, तपकिरी असतो, काळा असतो. लोह मिसळलं की लाल. वरची साल तर पुष्कळदा पांढरट, खडूसारखी, तीच फसवते. म्हणून ताजी फूट पाहा. डोळ्यांवर चष्मा लावूनच फोडा, कपच्या सुरीसारख्या उडतात. फुटलेली बाजू मेणासारखी गुळगुळीत, शिंपल्यासारखी खोलगट आणि कड धारदार दिसेल. कण डोळ्यांना दिसणार नाहीत. आपला काळा पाषाण असा फुटत नाही, तो खरबरीत राहतो.

आता त्या ताज्या फुटीवर लोखंडी खिळा ओढा. चरा पडणार नाही, उलट खिळ्याचंच लोखंड रेघ होऊन दगडावर उतरेल. काचेवर मात्र चर्ट सहज ओरखडा काढतो. चुनखडीवर आम्ल टाकलं की ती फसफसते, शुद्ध चर्ट ढिम्म राहतो. पोलाद आपटलं तर ठिणगी उडते. ती दगडाची नव्हे, खरवडून निघालेल्या पोलादाच्या कणाची. तो कण हवेत पेटतो. याच धारेसाठी सिंधमधल्या रोहरीच्या टेकड्यांतला चर्ट हडप्पाकालीन माणसांनी पात्यांसाठी लांबवर नेला. त्यांची घनाकार वजनंही बहुतेक चर्टचीच.

पण मला खरी ओढ आहे ती त्याच्या पोटातल्या गोष्टींची. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर साचत होता. दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात तिथे तळी झाली, झाडी वाढली. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, तळाच्या गाळात आणि बुडालेल्या फळा-खोडांत मुरली, तिथेच घट्ट झाली. लाकूड कुजण्याआधीच ती पेशीत शिरली, म्हणून पेशींच्या भिंती तशाच उरल्या. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बीरबल साहनींनी मोहगाव-कलानच्या याच दगडांतल्या वनस्पती अभ्यासल्या.

सौंसरच्या चर्टमध्ये तर अझोला सापडला आहे. हो, भातखाचरात खत म्हणून सोडतो, गोठ्यामागच्या हौदात गाई-म्हशींसाठी वाढवतो, त्याच अझोलाच्या कुळातला. दगडाचा कागदासारखा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्याचे बीजाणू अजून दिसतात.